संगणकालाही झोप लागू द्या

डिसेंबर उजाडला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांची रांग लांबते. थंडीत हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर, धूळ, राख वर जायच्या ऐवजी आपल्या नाकाच्या उंचीवर रेंगाळते. गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरजवळच्या वस्तीतल्या एक बाई तपासायला आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आत, बिडी-तंबाखू काही नाही. मी सवयीने चुलीबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, चूल तं कधीचीच सोडली, घरी गॅस हाय. पण सकाळी अंगण झाडलं का झाडूला काळं लागते.’’

त्याच आठवड्यात एका महाविद्यालयात सिकलसेलवर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले. निघताना संगणक प्रयोगशाळेवरून गेलो. दाराला कुलूप होते आणि काचेतून आतले तीसेक पडदे लुकलुकताना दिसत होते. कुठे मासे पोहत होते, कुठे रंगीत नळ्या वळवळत होत्या. खोलीत माणूस एकही नव्हता. सोबतच्या परिचराला विचारले तर तो म्हणाला, ‘‘सर, बंद केले तं सकाळी लवकर चालू होत नाही म्हणते सारे. म्हणून राहू देतो.’’

त्या बाईंच्या झाडूचे काळे आणि या पडद्यांवरचे मासे यांचा एकमेकांशी संबंध आहे. तो किती आहे आणि किती नाही, हे आज नीट मोजून पाहू.

एका युनिटची किंमत

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. त्याचे पहिले संच १९८० च्या दशकात सुरू झाले. कोळसा आजूबाजूच्या खाणींतून येतो, पाणी इरई धरणातून. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटले तेव्हा इथले संच बंद ठेवावे लागले होते. इथली वीज फक्त आपल्यासाठी नाही. १९९९ पासून चंद्रपूर ते पडघे अशी सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी दीड हजार मेगावॅटपर्यंत वीज मुंबईच्या दिशेने नेऊ शकते. वीज दूर जाते, राख मात्र इथेच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे होते. तेव्हा त्या बातमीने आम्हा डॉक्टरांना आश्चर्य वाटले नव्हते.

कोळशावरचे एक युनिट म्हणजे ढोबळमानाने ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, ३० ते ४५ टक्के. म्हणजे युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख. ती बहुतेक गाळणी यंत्रांत अडते आणि राखेच्या तळ्यात जाते, पण थोडी चिमणीतून निसटते आणि वाळलेल्या तळ्यावरून वारा थोडी उचलतो. पाण्याचे पाहा. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानुसार शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटर ही मर्यादा आहे.

आता ती प्रयोगशाळा घ्या. नुसता चालू असलेला, कुणी हात न लावलेला टेबलावरचा संगणक पडद्यासकट साधारण ६० वॅट खातो. यंत्र नवे-जुने असेल तसा आकडा कमी-जास्त होईल. तीस संगणक म्हणजे तासाला १.८ युनिट. संध्याकाळी पाच ते सकाळी दहा असे १७ तास धरले तर एका रात्रीत साडेतीस युनिटांच्या वर. वर्षातल्या २०० रात्री धरल्या तर ६१२० युनिट. कोळशात मोजले तर चार टन, राखेत जवळपास दीड टन, पाण्यात २१ हजार लिटरपर्यंत. युनिटला दहा रुपये धरले तर ६१ हजार रुपये. हे सगळे कुणीही न पाहिलेल्या माशांसाठी.

रात्रीच्या विजेची आणखी एक गोष्ट आहे. अनेक संस्थांनी छतावर सौर पॅनेल बसवली आहेत आणि ते चांगलेच आहे. पण सूर्य मावळल्यावर त्यांचा उपयोग नाही. रात्रीच्या विजेत कोळशाचा वाटा दिवसापेक्षा मोठा असतो. म्हणून रात्री विनाकारण जागणारा संगणक हा सगळ्यात ‘काळा’ संगणक.

फुप्फुसापर्यंतचा प्रवास

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशातल्या चिकट स्रावात अडते, शिंकेतून, कफातून बाहेर पडते. हे बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथे दाह निर्माण करतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. म्हणून दूषित हवेने फक्त खोकला होत नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. लहान मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्याकडचा मापदंड अजून ४० आहे.

चंद्रपूरच्या हवेला कोळशाच्या खाणी, कोळसा वाहणारे ट्रक, सिमेंटचे कारखाने, उघड्यावर जाळलेला कचरा, घरातल्या चुली असे बरेच वाटेकरी आहेत. एका महाविद्यालयाने संगणक बंद केले म्हणून त्या बाईंचे अंगण स्वच्छ होणार नाही. तसे सांगणारा डॉक्टर खोटे बोलतो. वाचलेले युनिट आपोआप भामरागडलाही जात नाही, जिथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्कच तुटतो आणि वीज गेली तर लवकर येत नाही.

मग हे कशासाठी? आमच्या शास्त्रातले एक उदाहरण देतो. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये एक मुद्दा मांडला. एखाद्या अतिरक्तदाबाच्या रुग्णाला औषध देणे महत्त्वाचेच, पण साऱ्या समाजाच्या जेवणातले मीठ थोडेसे कमी झाले तर त्याहून जास्त पक्षाघात टळतात. प्रत्येकाचा वैयक्तिक फायदा मात्र इतका लहान की त्याला तो जाणवतही नाही. विजेच्या बचतीचे गणित असेच आहे. एक संगणक म्हणजे चिमूटभर मीठ. पण गोंडवाना विद्यापीठाचा विचार करा. २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोलीला स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये आहेत. प्रवेश, परीक्षा, निकाल, शिष्यवृत्ती, सगळे संगणकावर. शाळा, तहसील कार्यालये, बँका आणि आमची रुग्णालये मिळवली तर चिमटीचे पोते होते.

झोप, गाढ झोप आणि बंद

संगणकाच्या तीन अवस्था ओळखायला हव्यात. पहिली ‘स्लीप’, म्हणजे डुलकी. पडदा, प्रोसेसर, डिस्क थांबतात, फक्त स्मृती जागी राहते. वीज लागते दोन-तीन वॅट आणि बटण दाबताच काही सेकंदांत काम जिथे सोडले तिथून सुरू. दुसरी ‘हायबरनेट’, म्हणजे गाढ झोप. चालू काम डिस्कवर उतरवून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते. आपल्याकडे, विशेषतः गडचिरोलीच्या आतल्या भागात, वीज कधी जाईल याचा नेम नाही. डुलकीत असताना वीज गेली तर न साठवलेले काम बुडते, गाढ झोपेत ते सुरक्षित राहते. म्हणून अशा ठिकाणी दुसरा पर्याय बरा. तिसरी अवस्था, पूर्ण बंद आणि भिंतीवरचे बटणही बंद. रात्रीसाठी आणि सुट्टीसाठी हीच योग्य.

यातले गैरसमज दवाखान्यातल्या गैरसमजांइतकेच चिवट आहेत. ‘स्क्रीनसेव्हर वीज वाचवतो’ हा त्यातला सगळ्यात जुना. जुन्या, मागे पोट असलेल्या काचेच्या पडद्यांवर तेच चित्र फार वेळ राहिले तर त्याचा कायमचा डाग पडायचा. तो टाळायला हलती चित्रे आली. आजच्या पडद्यांना त्यांची गरज नाही आणि वीज तर ती वाचवतच नाहीत. ‘सुरू होताना एवढी वीज लागते की चालू ठेवलेला परवडतो’ हा दुसरा. सुरू होण्याचा खर्च काही मिनिटांच्या वापराएवढा असतो, सतरा तासांच्या नव्हे. ‘रोज चालू-बंद केल्याने खराब होतो’ हा तिसरा. रोज एक-दोनदा चालू-बंद होणे आजच्या यंत्रांना सहज झेपते. उलट सतत तापलेले यंत्र, अडकलेली धूळ आणि फिरत राहिलेला पंखा यांनी त्याचे आयुष्य घटते. चौथा गैरसमज नवा आहे: पडद्याचा काळा रंग वीज वाचवतो. ओएलईडी पडद्याच्या मोबाइलवर ते खरे आहे. प्रयोगशाळेतल्या साध्या एलसीडी पडद्यामागचा दिवा चित्र काळे असले तरी जळतच असतो. तिथे प्रकाशमान कमी केले तर फरक पडतो आणि डोळ्यांनाही बरे वाटते.

मे महिन्यातली शेगडी

संगणकाने खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. हे आपल्या जिल्ह्यात विसरून चालत नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत दर उन्हाळ्यात झळकतात. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. काम चालू असलेला टेबलावरचा संगणकही जवळपास तेवढीच. तीस विद्यार्थी आणि तीस संगणक म्हणजे सहा हजार वॅट. दीड टनाचा वातानुकूलक साधारण ५२०० वॅट उष्णता बाहेर काढू शकतो. म्हणजे बाहेरचे ऊन मोजायच्या आधीच तो हरलेला असतो. मग दुसरा बसवतात, तापमान १८ वर ठेवतात आणि वीजबिल पाहून अधीक्षक डोक्याला हात लावतात.

त्याऐवजी न वापरलेले दहा संगणक झोपवले तर खोलीतली शेगडी तेवढी विझते आणि थंड करण्याची वीजही वाचते. वातानुकूलकाचे तापमान एका अंशाने वाढवले की त्याची सुमारे सहा टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या वातानुकूलकांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते ते याचसाठी. ४६ अंशांतून १८ अंशांत आणि पुन्हा ४६ मध्ये अशी ये-जा शरीरालाही मानवत नाही. २५-२६ अंश आणि वर पंखा ही जोडी पुरेशी आहे.

सर्व्हरच्या खोलीबद्दलही असेच. अनेक संस्थांत ती इतकी थंड ठेवतात की आत जाताना स्वेटर घालावा. यंत्रांना त्याची गरज नाही. अशा खोल्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. सर्व्हर, सीसीटीव्ही, नेटवर्कची यंत्रे रात्रभर चालणारच. पण त्यासाठी शेजारचे चाळीस संगणक जागे ठेवायची गरज नसते. यूपीएसकडेही बघावे. गरजेच्या चौपट मोठा यूपीएस घेतला की तो थोड्याशा भारावर कमी कार्यक्षमतेने चालतो, स्वतःच वीज खातो आणि खोली तापवतो.

मोठ्या यंत्रांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाले, १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला आणि महाराष्ट्राला अभिमान वाटला. २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसरमध्ये बसलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये प्रोसेसर थंड करायला हवेऐवजी थेट द्रवाचा वापर आहे, कारण त्यात वीज कमी लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज वापरली आणि २०३० पर्यंत ती मागणी दुपटीहून अधिक होईल. तो बोजा कमी करणे आपल्या हातात नाही. कुलूपबंद खोलीतले मासे मात्र आहेत.

फलक लावून भागत नाही

आता माझी कबुली. त्या महाविद्यालयातून परतल्यावर मी माझ्या खोलीतल्या संगणकाकडे पाहिले. तो सकाळपासून चालू होता, मी चार तास वॉर्डात आणि नंतर व्याख्यानाला. दारामागे ‘वीज वाचवा’ असा फलक कित्येक वर्षांपासून आहे. मी तो रोज पाहतो, म्हणजेच पाहत नाही.

रुग्णालयात आम्ही हा धडा आधीच शिकलो आहोत. ‘हात धुवा’ असे भिंतभर लिहून डॉक्टर-परिचारिकांचे हात धुतले जात नाहीत. जंतुनाशकाची बाटली प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी ठेवली की धुतले जातात. चांगले वागणे सोपे करायचे, विसरले तरी चुकणार नाही असे करायचे. संगणकाच्या बाबतीत ही बाटली म्हणजे ‘सेटिंग’. पाच मिनिटे हात लागला नाही तर पडदा बंद, पंधरा मिनिटांनी झोप, संध्याकाळी साडेसहाला सगळी प्रयोगशाळा आपोआप बंद. ज्याला काम आहे त्याने ‘थांब’ म्हणावे. महाविद्यालयातला संगणक शिक्षक हे एका दुपारी करू शकतो आणि नेटवर्क असेल तर एकाच जागेवरून. सकाळी यंत्रे हळू उठतात ही तक्रार असेल तर तीही खरी धरावी. पहिला तास दहाला असेल तर पावणेदहाला नेटवर्कवरून त्यांना उठवता येते.

दुसरी गोष्ट मोजण्याची. ताप थर्मामीटरशिवाय कळत नाही, तशी गळती मीटरशिवाय कळत नाही. प्रयोगशाळेसाठी छोटा वेगळा मीटर बसवावा. रोज संध्याकाळी आणि सकाळी विद्यार्थ्यांनी आकडा वहीत लिहावा. दोन आठवडे जसे चालते तसे चालू द्यावे, मग सेटिंग बदलावी आणि पुढचे दोन आठवडे पुन्हा लिहावे. भौतिकशास्त्राच्या किंवा पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला विषय शोधायला नको. नॅकच्या मूल्यांकनात वीजबचत आणि हरित लेखापरीक्षण विचारले जातेच. त्यासाठी ऐनवेळी कागद रंगवण्यापेक्षा ही वही दाखवावी.

आणि काय बंद करायचे नाही, तेही स्पष्ट हवे. रुग्णालयात लसींचा फ्रिज २ ते ८ अंशांवर राहिलाच पाहिजे, रक्तपेढी, व्हेंटिलेटर, नवजात बालकांचे वॉर्मर यांना हात नाही. मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारे यंत्र साधारण ३५० वॅटवर चालते. म्हणजे सहा रिकामे संगणक जेवढी वीज उगाच जाळतात, जवळपास तेवढ्यात एका रुग्णाचा श्वास चालतो. दुर्गम आरोग्य केंद्रात सौर बॅटरीवर रात्र काढताना ही तुलना पुस्तकी राहत नाही. तिथे नोंदणीचा संगणक बंद केला तर बॅटरी पहाटेपर्यंत टिकते.

नवे घेण्याआधी

जुने टाकून नवे घेतले की बचत होते, हा सल्ला अर्धाच खरा आहे. संगणक, विशेषतः लॅपटॉप, तयार करतानाच इतकी ऊर्जा लागते की त्याच्या आयुष्यभरातल्या एकूण कार्बनचा मोठा वाटा तो दुकानात येण्याआधीच खर्च झालेला असतो. म्हणून चालणाऱ्या यंत्रात स्मृती वाढवावी, फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी, हलकी मुक्त प्रणाली घालावी आणि ते आणखी काही वर्षे वापरावे. घ्यायचेच असेल तर टेबलावरच्या संगणकाऐवजी लॅपटॉप किंवा छोटा संगणक घ्यावा, त्याला बरीच कमी वीज लागते. खरेदीच्या निविदेत ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे स्टार लेबल आणि ‘एनर्जी स्टार’ची अट लिहावी. १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एनर्जी स्टार’चे पहिले लेबल संगणक आणि पडद्यांवरच लागले होते.

भंगारवाल्याला मात्र संगणक देऊ नये. त्यात शिसे असते, कॅडमियम असते. तारा उघड्यावर जाळून तांबे काढणाऱ्याच्या आणि शेजारी खेळणाऱ्या पोरांच्या अंगात ते जाते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा.

त्या परिचराशी नंतर फोनवर बोललो. प्रयोगशाळेची सेटिंग बदलली होती. पहिल्या आठवड्यात दोन प्राध्यापकांनी तक्रार केली, नंतर कुणी काही बोलले नाही. तो म्हणाला, ‘‘सर, सकाळी कुलूप उघडलं का खोली थंडी लागते आता. आधी उबारा यायचा.’’

त्या बाई अजून दर महिन्याला इन्हेलरसाठी येतात. अंगण झाडताना नाकाला ओला रुमाल बांधायला आणि झाडण्याआधी पाणी शिंपडायला मी त्यांना सांगितले आहे. माझ्या हातात तेवढेच होते. तुमच्या कार्यालयातला, प्रयोगशाळेतला, घरातला संगणक तुमच्या हातात आहे. आज निघताना एकदा मागे वळून बघा, काही लुकलुकते आहे का.